गुलजारबीचा दम

काझीपुऱ्यातली गुलजारबी मणेरीण बांगड्या भरायला बसली की बायका डोळे मिटून हात पुढे करत. तिच्याकडून बांगडी पिचली, कुणाला खरचटलं, असं फारसं कधी झालं नाही. एरवी तिचं चालणं-बोलणं बेताचंच होतं. कारण तिला दम लागायचा. सहा वर्षांची असताना गोवर आला, त्यातून खोकला राहिला तो राहिलाच. रोज सकाळी वाटीभर पिवळा कफ पडायचा. त्याला वास यायचा, म्हणून ती परसात लांब कोपऱ्यात जाऊन खोकायची. नवरा शफी बांगड्यांची पेटी उचलून तिच्याबरोबर हिंडायचा. नदी ओलांडून मखमलाबादेकडे जायचं तर ती वाटेत चारदा टेकायची.

एकोणीसशे चौतीस सालच्या फाल्गुनात मखमलाबादच्या चिमणाबाईनं तिला बोलावलं. चिमणाबाईची फुलशेती होती आणि थोरल्या मुलीचं लग्न निघालं होतं. नवरीला हिरवा चुडा भरताना गुलजारबीला खोकल्याची उबळ आली. तिनं ओढणी तोंडाला लावली. बाजूला केली तेव्हा ओढणीवर रक्त होतं.

नवरीच्या आत्यानं पोरीचा हात हळूच मागे घेतला. गुलजारबीनं उरलेल्या बांगड्या पेटीत ठेवल्या आणि ती उठली. वाटेत शफीला म्हणाली, "क्षयच असणार. माझ्या मावशीला असंच रक्त पडायचं. तुम्ही उद्यापासून वेगळे जेवा."

"उद्याचं उद्या बघू," शफी म्हणाला. "आधी डॉक्टर."

पंधरा दिवसांत बोलावणी थांबली. गल्लीतल्या बायका ओट्यावरूनच विचारपूस करू लागल्या. ती डॉक्टर टाळत राहिली, पण शेवटी शफीनं तिला भद्रकालीजवळच्या डॉक्टर खांबेट्यांकडे नेलं. डॉक्टर वयस्क, बोलायला तुटक. त्यांनी बराच वेळ पाठीला नळी लावून ऐकलं, मग तिचे हात उजेडात धरले. तिच्या बोटांची टोकं फुगीर होती, नखं गोल वळलेली.

"ही बोटं अशी कधीपासून?"

"लहानपणापासून असतील. कुणी विचारलं नाही कधी."

"वजन उतरलं? संध्याकाळी ताप येतो?"

"नाही."

त्यांनी तीन वेगवेगळ्या दिवशी कफ तपासला. चौथ्या दिवशी ती गेली तेव्हा शफी दाराबाहेरच उभा राहिला.

"क्षय नाही," डॉक्टर म्हणाले. "तिन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. तुमच्या छातीतल्या काही नळ्या त्या गोवरानंतर सैल पडून रुंद झाल्यात. त्यांत कफ साचतो, कुजतो आणि खोकून खोकून कधी रक्त पडतं. हे दुसऱ्याला लागत नाही."

गुलजारबीनं पदरासारखी ओढणी डोळ्यांवर ओढली आणि तिथेच रडायला लागली. शफी आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला.

"बरं होईल का?" त्यानं विचारलं.

"नळ्या पूर्ववत होणार नाहीत. पण कफ रोज काढून टाकता येईल."

मग त्यांनी पाण्यानं भरलेली काचेची मोठी बरणी परातीत उपडी ठेवली, तिच्यात रबरी नळी सोडली आणि गुलजारबीला छाती भरून श्वास घेऊन फुंकायला सांगितलं. फुंकरीनं बरणीतलं पाणी खाली सरकलं. जिथं थांबलं तिथं त्यांनी कागदाच्या पट्टीवर रेघ मारली. कंपाउंडरनं फुंकलं तेव्हा पाणी दुपटीहून खाली गेलं.

उपाय मात्र साधा निघाला. सकाळी उपाशीपोटी खाटेवर पालथं पडायचं, कंबरेपासून वरचं अंग खाटेखाली सोडायचं, हात जमिनीला टेकवायचे आणि नवऱ्यानं तळहात ओंजळीसारखे पोकळ करून पाठ थोपटायची. पहिल्या दिवशी तिला चक्कर आली. शफी म्हणाला, "सोडून देऊ." ती म्हणाली, "तुम्ही थोपटा." पंधरा मिनिटांत वाटी भरली आणि त्यानंतर दुपारपर्यंत ती खोकली नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला लावलं. नवी रेघ जुनीच्या जेमतेम बोटभर खाली आली. गुलजारबीचा चेहरा उतरला.

"एवढंच?"

"घरून इथवर कितीदा थांबलात?"

तिला आठवावं लागलं. "थांबले नाही."

"बरणीला छातीत हवा किती मावते तेवढंच कळतं. दम किती लागतो, ते तुम्हीच सांगायचं."

त्यांनी क्षय नसल्याची चिठ्ठी लिहून दिली. ती घेऊन गुलजारबी मखमलाबादला गेली, वाटेत एकदाच टेकली. चिमणाबाई मोगऱ्याच्या वाफ्यात होती. गुलजारबीनं चिठ्ठी पुढे केली आणि सगळं सांगितलं.

"मला कुठं वाचता येतंय," चिमणाबाई म्हणाली. चिठ्ठी परत देऊन पुढे म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले नाय. व्याही बसले होते. पण तुला तशी जाऊ द्यायला नको होती, लय लागलं मनाला." तिनं मातीचे हात धुतले आणि ओट्यावर तिच्यासमोर बसली. "भर. तुला पटतील त्या."

सगळी गिऱ्हाइकं काही परत आली नाहीत. आत्याबाईंच्या घरची पायरी ती पुन्हा चढली नाही. थंडीत खोकला वाढायचा, एकदा पुन्हा रक्तही पडलं. पण आता ती घाबरली नाही. खाट आणि ओंजळीचे हात रोज चालू राहिले.

पुढच्या वर्षी दोघं त्र्यंबकच्या जत्रेत पाल टाकून बसली. एका जाडजूड पाटलिणीनं तान्ह्या बाळाच्या मापाची बांगडी हौसेनं स्वतःच्या तीन बोटांवर मिळून चढवली आणि ती काही केल्या निघेना. गुलजारबी हसायला लागली. हसलं की उबळ येते म्हणून कित्येक वर्षं ती ओठ मिटूनच हसत आली होती. शफी पाण्याचा तांब्या घेऊन धावला. ती हसतच राहिली, उबळ आली नाही, आणि तो तांब्या हातात धरून तिच्याकडे बघत उभा राहिला.