भेटायला याल तर चालायला लावा

आमच्या गावात माणूस पडलं की त्याला पाडून ठेवायला सगळं गाव येतं. हे मी रागानंच लिहिते आहे. थोरल्या काकूंच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून हा राग मी जपून ठेवला आहे.

काकू पडल्या त्या स्वतःच्या पडवीत. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ, फौजेतून सुट्टीवर आला की घराला काहीतरी करून जातो. या खेपेला त्यानं जुनी शहाबादी काढून चकचकीत फरशी बसवली. तोंड बघून कुंकू लावावं अशी फरशी. ज्या घरात माणसं गोठ्यातून ओल्या पायांनी आत येतात, तिथं असली फरशी विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही त्याच फरशीवर साबण लावून चालवलं पाहिजे. सकाळी धार काढून काकू आत आल्या आणि चरवी एकीकडं, काकू एकीकडं.

सांगलीला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन उभं केलं आणि घरी सोडताना बजावलं, "रोज चालवायचं. दुखेल, तरी चालवायचं. पडून राहिल्या तर कायमच्या पडून राहतील." एवढं स्पष्ट. यात न समजण्यासारखं काय आहे?

पण घरी आणलं आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. हातात केळी, बिस्किटाचे पुडे, आणि तोंडात एकच वाक्य.

"आवं वैनी, उठताय कशाला? पडा की गप."

"हाड हाय ते. सांधू द्या आधी."

काकू वॉकरकडं हात नेत आणि कुणीतरी वॉकर उचलून कोपऱ्यात ठेवी. मी भांडले तर काकूच मला म्हणाल्या, "जन्मात मला कुणी दिवसा पड म्हणलं न्हाई गं. आता सारं गाव म्हणतंय, तर पडते की जरा."

बाईला आयुष्यभर न मिळालेली विश्रांती मिळाली ती नेमकी चुकीच्या वेळी. याचाही मला रागच आला.

मला पत्रकं लिहायची खोड आहे. गटारीवर लिहिलं, एसटीच्या थांब्यावर लिहिलं, आता खुब्यावर लिहिलं. मथळा होता, 'वृद्धांनो, उठा'. येईल त्याच्या हातात एकेक देत गेले. बायकांनी त्यानं वारा घेतला. एका मामांनी त्यावर भडंग घेऊन खाल्लं आणि छपाई चांगली असल्याचं सांगितलं. काकूंनी मात्र चष्मा लावून पूर्ण वाचलं.

"चांगलं लिवलंयस," त्या म्हणाल्या. "पण वृद्ध कुणाला म्हणालीस?"

शेवटी मी पत्रकं बाजूला ठेवली आणि चहा हातात घेतला. पाहुणा आमच्याकडून चहा घेतल्याशिवाय जात नाही, आणि चहा मी करत होते. मी जाहीर केलं, आजपासून चहा पुढच्या सोप्यात, काकूंच्या कॉटपाशी येणार नाही. स्वयंपाकघरात मिळेल. ज्याला हवा त्यानं काकूंना चालवत आत आणावं.

आणि त्याच दुपारी नेमके कडेगावचे व्याही आले. चुलतभावाचे सासरे. फेटा, इस्त्रीची कापडं, बोलणं मोजकं. कॉटशेजारच्या खुर्चीत बसले. हाडाबद्दल बोलून झालं, ऊसतोडीबद्दल बोलून झालं. काकू माझ्याकडं डोळे वटारून बघत होत्या. मी दारात उभी.

"अगं, च्या ठेव की."

"ठेवलाय काकू. आत."

"मग आण."

"आत मिळंल. तुमी दोघं या."

व्याही फेटा सावरत उठले. "असू दे, असू दे. पुढं पलूसला जायचंय मला."

काकूंचा चेहरा उतरला. व्याही बिनचहाचा दारातून जाणार म्हणजे काय, हे मी समजावून सांगायची गरज नाही. हाड परत बसतं, गेलेलं नाक बसत नाही. त्यांनी पांघरूण बाजूला फेकलं.

"थांबा पाव्हणं. ह्या कारटीला मागनं बघते मी. दे गं ती घोडी इकडं."

वॉकर पुढं, मग मोडका पाय, मग चांगला. मी एका बाजूनं चालले. व्याही दुसऱ्या बाजूनं दोन्ही हात पसरून, जणू गव्हाचं पोतं कलंडतंय अशा धास्तीनं. "सावकाश, विहीणबाई. गडबड न्हाई. पलूस कुटं पळून जात न्हाई." काकू दात आवळून, मला शिव्या देत चालल्या. त्या शिव्या इथं लिहिणार नाही, पण त्यांत दम होता. स्वयंपाकघरात पोचल्यावर त्यांनी व्याह्यांच्या कपात स्वतःच्या हातानं चहा ओतला.

मग सवयच लागली. 'पडा' म्हणणारे लोक 'चला वैनी, च्या प्यायला' म्हणू लागले. पडवीत आधी पोती टाकली आणि नंतर, माझ्या भांडणानं, खरबरीत फरशी आली. काकू स्वयंपाकघरापर्यंत, मग गोठ्यापर्यंत, मग काठी टेकत फाटकापर्यंत जाऊ लागल्या.

परवा व्याही पुन्हा आले. निघताना काकू त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेल्या. मागोमाग मीही होते. तिथं व्याह्यांनी हळूच मला विचारलं, "तुझं ते पत्रक हाय का शिल्लक? आमच्या थोरल्या भनीचं बी खुब्याचं आपरेशन झालंय. उठायचं नावच घेत न्हाई."

मी खूश होऊन पिशवीत हात घातला. काकूंनी काठी आडवी धरली.

"पत्रकानं काय हुत न्हाई पाव्हणं. डाक्टरला इचारून घ्या, आन भेटायला येणाऱ्यांचा च्या आत ठेवा."