मनूची बॅग अन् दारामागची खुंटी

किस्से म्हणजे घरातल्या पिशव्यांसारखे. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी कोंबून ठेवलेली, अन् एक ओढायले जावं त सगळ्या बाहेर! आमच्या घरच्या एका बॅगेचेच एवढे किस्से जमले की आता ठेवायले जागा नाही. मले लिहिता येत नाही. मी बोलते, नातीचा मोबाईल लिहून घेतो.

त ऐका. एक होतं नागपूर, नागपुरात मनीषनगर. तिथं तिसऱ्या माळ्यावर राहे एक बुढी, म्हणजे मी. बुढीचा लेक अशोक, तो हापिसात. सून ज्योती, ती शाळेत शिकवे. नात मनू, ती नोकरीवर. अन् दारामागच्या खुंटीवर राहे मनूची कॅमेऱ्याची बॅग. सकाळ झाली की सगळे कामाले. बॅगही मनूसंगं कामाले! घरी उरे बुढी अन् रिकामी खुंटी.

आमचे मालक विणकर होते. जुन्या वस्तीत होतो तवा मागाची खटखट दिवसभर कानात राहे, अन् दार कोणी लावतच नसे. इथं फक्त लिफ्टचा आवाज येतो. तो बी दुसऱ्याच माळ्यावर थांबतो.

*

पहिली बॅग होती काळी, पाठीवरची, शिपायाच्या गाठोड्याएवढी. मनूले नाद रोजचे फोटो काढायचा. लग्नाचे नाही, बारशाचे नाही. चहाची टपरी, संत्र्याचा ठेला, न्हाव्याच्या आरशात दिसणारा रस्ता. असे फोटो काढायले काय लागते? पण बॅगेत कॅमेरा, लहान भिंग, मोठं भिंग, त्याहून मोठं भिंग, तीन पायाचा स्टँड, चार्जर, चार्जर बिघडला त दुसरा चार्जर, काच पुसायचं फडकं, अन् फडकं मळू नये म्हणून फडक्याची डबी!

"कशाले वं एवढं?"

"आजी, कधी काय लागन, सांगता येते काय?"

संध्याकाळी आली की मी विचारो, "काय काय लागलं?"

"लहान भिंग."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पाठीवर!

एकदा सिटी बसमध्ये तिनं बॅग बाजूच्या सीटवर ठेवली. कंडक्टर आला. बॅगेकडे पाहे, मनूकडे पाहे. मग म्हणे, "ताई, पोट्टं मांडीवर घ्या, नाही त याचं अर्धं तिकीट काढा!"

घरी येऊन तिनं हे सांगितलं तवा आम्ही पोट धरून हसलो. हसता हसताच म्यां विचारून टाकलं, "मनू, मले बी ने न वं एकदा. खाप्याले जाऊ. तू फोटो काढ, मी कन्हान नदीच्या काठी बसून राहीन."

खापा माहं माहेर. भाऊ गेला तवापासून मले तिकडं कोणी नेलं नाही. गुडघे असे की हात धरल्याशिवाय चालवत नाही, मग एकटी कशी जाऊ?

मनू म्हणे, "नेलं असतं गं. पण पाठीवर बॅग, एका हातात स्टँड, एका हातात कॅमेरा. तुले कोणत्या हातानं धरू?"

पोरगी वाईट नाही बोलली. खरंच बोलली. पण तवापासून माही नजर त्या बॅगेवर. ही बॅग लहान व्हायले पायजे, एवढंच मनात.

*

पुढं त्या बॅगेच्या वजनानं मनूची पाठ धरली, अन् तिनं मोबाईलवरून लहान बॅग मागवली. घेऊन आले पार्सलवाले दिलीपभाऊ. मिशा पिकलेला माणूस, तीन जिने चढून घामाघूम. त्या दिवशी लिफ्ट बंद होती.

दारातून विचारे, "घरी कोण आहे?"

मी म्हटलं, "घरी कोणीच नाही, भाऊ. सगळे कामाले गेले."

तो हसला. "आजी, तुम्ही आहा न!"

मले बाई तवा सुचलं की हाव, मी आहो. पाणी देल्लं. तो बसला. त्याच्या सुनेचं बाळंतपण, त्याच्या गाडीचं पंक्चर, सगळं सांगून गेला. दुपार कशी गेली समजलंच नाही.

संध्याकाळी मनूनं बॅग खांद्याले लावून पाह्यली. "आजी, कशी आहे?"

मी म्हटलं, "पट्टा काचते."

बॅग परत. न्यायले दिलीपभाऊ! मग दुसरी बॅग आली. तिची चेन किरकिरे. परत! तिसरी आली, तिचा रंग मळखाऊ नव्हता. ती बी परत! मनू म्हणे, "बापा, आजीले बॅगेतलं किती समजते!" मले बॅगेतलं काही समजत नव्हतं. मले बेलचा आवाज समजे.

चौथी आणली तवा दिलीपभाऊ पाणी पिऊन झाल्यावर हळूच म्हणे, "आजी, आता ही ठेवून घ्या. मी असाच येत जाईन पाणी प्यायले."

चौथी बॅग मले एकदम पसंत पडली!

*

बॅग लहान झाली, पण सामान कुठं लहान झालं? मनूनं तेच सगळं तिच्यात ठोसलं. अन् जे मावलं नाही त्याच्यासाठी दुसरी पिशवी काढली! म्हणजे आता दोन खांदे गुंतले.

त्या बॅगेत आतून चिकटपट्टीचे पडदे राहतात. ओढले की चर्र वाजते. पडदे हलवून पाहिजे तेवढे खण करता येतात. रविवारी सकाळी चर्र वाजलं की मी समजून जाओ, पोरगी चालली. तिचा दोस्त शुभम खालून हॉर्न मारे, अन् चर्र, चर्र, धाडकन दार. संपलं.

पण पडदे लय पातळ. भिंगावर भिंग आदळे. मी म्हटलं, यात काय मोठं! जुनी गोधडी उसवली, आतला कापूस काढला, अन् जाड जाड गाद्या शिवून देल्ल्या. एकेका भिंगाले एकेक गादी. मनूनं माहा गालगुच्चा घेतला.

आठवड्यानं शुभम घरी आला. लॅपटॉपवर फोटो पाहून राहिला होता. मले आवाज देऊन म्हणे, "आजी, या न. आपल्या नागपुरात पाखरं लय वाढली!"

पाहते त काय, प्रत्येक फोटोत आभाळभर काळे काळे ठिपके अन् बारीक बारीक शेपट्या. माह्या गाद्यांचा कापूस! भिंग बदलताना उडून आतल्या काचेवर जाऊन बसला होता. कॅमेरा दुकानात नेऊन साफ करावा लागला.

मनू रागावली नाही. उलट त्या गाद्या तिनं धुऊन माह्या खुर्चीवर ठेवल्या. "तुह्या गुडघ्याखाली घे," म्हणे. म्हणजे बॅगेतून निघाल्या अन् माह्यापाशी आल्या. आम्ही दोघी घरीच!

*

खंडेनवमीले आमच्याकडे हत्यारं पूजतात. मालक होते तवा मागाले हार चढे, धोट्याले हळदीकुंकू लागे. धोटा म्हणजे माग चालताना आडवा पळते ते सुताचं लाकूड. आता माग नाही, धोटा नाही. अशोकचं हत्यार हापिसात, ज्योतीचा खडू शाळेत. घरात हत्यार म्हणावं असं एकच, खुंटीवर!

मनू आंघोळीले गेली तवा म्यां बॅग पाटावर ठेवली. कॅमेरा काढला, झाकण काढलं. देवाले गंध कपाळीच लावतात न? म्हणून बरोब्बर काचेच्या मधोमध बोट टेकवलं. हळद, वरून कुंकू, एक झेंडूचं फूल. झाकण जसंच्या तसं लावून ठेवलं.

पोरगी घाईत निघाली. बाजारात दिवसभर फुलवाल्यांचे फोटो काढले. संध्याकाळी ग्रुपवर टाकले त सगळे विचारू लागले, "मनू, काय मस्त लाली आली गं! कोणतं फिल्टर वापरलं?"

मनूनं झाकण काढून काच पाह्यली. मग माह्याकडे पाह्यलं. अन् मोबाईलवर लिहिलं, "आजी."

ते पोट्टे अजून दुकानात जाऊन विचारतात म्हणे!

*

आता हा किस्सा हसायचा आहे की नाही, मले माहीत नाही.

एका दुपारी बेल वाजली. दिलीपभाऊ दोन दिस गावाले जाणार होते, म्हणजे ते नव्हेत. कोणी विकणारा असन. गुडघे ठणकून राहिले होते, उठायचं जिवावर आलं. म्यां खुर्चीवरूनच ओरडून सांगतलं, "घरी कोणीच नाही! संध्याकाळी या!"

बाहेर कोणी काही बोललं नाही. गेलं बी नाही. पावलाचा आवाजच आला नाही.

मग हळूच चाबी फिरली. दारात मनू! कॅमेऱ्याची बॅटरी विसरली म्हणून परत आली होती. चाबी बॅगेत तळाशी, सतरा वस्तूंच्या खाली, म्हणून तिनं बेल दाबली होती.

मी म्हटलं, "अगं बाई, तू होय!"

बॅटरी टेबलावरच होती, तिनं घेतली नाही. बॅग काढून खुंटीवर टांगली. चप्पल काढली. माह्या खुर्चीपाशी खाली बसली अन् गुडघ्याले तेल लावू लागली.

"हापिस नाही काय वं?"

"आहे."

"मग?"

"तू गप बस, आजी."

भर दुपारी खुंटीवर बॅग! मी सारखी तिकडंच पाहो.

*

पुढचा रविवार. शुभमनं खालून हॉर्न मारला. चर्र वाजलं. मी नेहमीसारखी तुळशीले पाणी घालायच्या निमित्तानं गॅलरीत गेली. जाताना पाहावत नाही, म्हणून.

पण चर्र थांबेचना! चर्र, चर्र, चर्र. शुभम वर आला तरी चालूच.

मनू पलंगावर सगळं मांडून बसली होती. "शुभम, हे मोठं भिंग आज तू ठेव. स्टँड बी तूच ने. चार्जर घरी राहू दे."

शुभम म्हणे, "अबे, मग तुह्या बॅगेत काय?"

"कॅमेरा अन् लहान भिंग."

"बाकी खण?"

तिनं मले आवाज देल्ला, "आजी, तुह्या गुडघ्याच्या गोळ्या कुठं आहेत?"

"डब्यात. काहून वं?"

"अन् चष्म्याचं घर? सुपारीची डबी?"

एका खणात गोळ्या. एका खणात चष्मा. लांबट खणात पाण्याची बाटली, जिथं ते मोठं भिंग बसे. सुपारीची डबी बाहेरच्या कप्प्यात, पटकन सापडावी म्हणून. चेन लावली, पट्टा तिरपा गळ्यात घातला, अन् दोन्ही हात माह्यापुढं धरले. रिकामे!

"पाह्य. आता कोणत्या हातानं धरू?"

पेपर वाचत बसलेला अशोक उठला, त्यानं पेपरची घडी केली. "आई, मी गाडी काढतो," म्हणे. ज्योतीनं आतून विचारलं, "आई, खाप्याले दशमी न्यायची की पुऱ्या?" म्हणजे सगळ्यांले माहीत होतं! मलेच माहीत नव्हतं!

खाप्यात माहेरच्या गल्लीत उतरली. भावाचं घर बंद, पण पलीकडच्या घरातून खटखट येऊन राहिली होती. मी तिथंच उभी राहिली. कोणी हलवलं नाही. मग कन्हानच्या काठी गेलो. अशोक लहानपणी जिथं डुंबे तिथं पाय सोडून बसला, ज्योतीनं डबे उघडले, शुभम त्या मोठ्या भिंगानं बगळे पाहे. मनू एका हातानं फोटो काढून राहिली होती. दुसऱ्या हातात मी.

तेवढ्यात माहा फोन वाजला. दिलीपभाऊ!

"आजी, पार्सल आणलं. केव्हाचा बेल वाजवून राहिलो. घरी कोणी नाही काय?"

म्यां मनूचा हात सोडला नाही. फोन कानाशी धरला अन् पार त्या काठापर्यंत ऐकू जाईन एवढ्या मोठ्यानं सांगतलं,

"नाही गा, दिलीपभाऊ! आज घरी कोणीच नाही!"