गवतात ठेवलेली वेल

तिला सगळे सुईबाई म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि बिचारं तिथेच राहिलं. काम वाळलेल्या झाडांचं. संशोधक मंडळी डोंगरदऱ्या पालथ्या घालून झाडं आणायची, रद्दी कागदांत दाबून वाळवायची, आणि मग सुईबाई एकेक झाड जाड पांढऱ्या कागदावर बसवायची. पानांवर कागदाच्या बारीक पट्ट्या, जाड काडीला दोऱ्याचे टाके, गळालेल्या बिया कोपऱ्यातल्या छोट्या पाकिटात. खाली उजवीकडे चिठ्ठी: झाडाचं नाव, कुठे सापडलं, कधी, कोणाला. असे चाळीस हजार कागद लोखंडी कपाटांत रचलेले होते आणि त्यांतले निम्मे तिच्या हातचे होते.

"डोळे बांधा माझे, हवं ते झाड काढून देते," असं ती म्हणायची. थोडी फुशारकी होती, पण थोडीच.

या संग्रहाच्या किल्ल्या मोठ्या सरांकडे. अठ्ठावीस कपाटांच्या अठ्ठावीस किल्ल्या एका पितळी कडीत; सकाळी ते कपाटं उघडायचे, संध्याकाळी कुलपं लावायचे. सर वर्षअखेरीला निवृत्त होणार होते आणि किल्ल्या कोणाकडे जाणार हे विचारायची कुणाला गरज वाटत नव्हती. सुईबाईला तर नाहीच. ती जाता-येता त्या कडीकडे असं बघायची, जसं आपण दुकानात पैसे देऊन ठेवलेल्या वस्तूकडे बघतो.

आणि मग धाकटी आली. म्हणजे आणली. तीही सुईबाईनेच, स्वतःच्या हातांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तशी.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. दिराचा कारखाना बंद पडला, घरात दोन चुली करायची वेळ आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या झाडांच्या हापिसात हिला काही मिळतं का बघ." सुईबाईने सरांकडे शब्द टाकला. जुन्या कागदांचे फोटो काढून संगणकात भरायचं तात्पुरतं काम होतं. पहिल्या दिवशी धाकटीला बसायला खुर्ची नव्हती, तर सुईबाईने आपली दिली आणि स्वतः स्टुलावर बसली. ते स्टूल डुगडुगायचं. ही गोष्ट ती पुढे कधीच विसरली नाही.

धाकटीचं एक होतं. ती चिठ्ठ्या वाचायची. फोटो काढता काढता नुसतं नाव नाही भरायची, तर कोपऱ्यातलं पेन्सिलीने लिहिलेलं, पाठीमागे खरडलेलं, पुसट झालेलं, सगळं भिंग लावून वाचायची आणि जेवणाच्या सुट्टीत सांगत बसायची. या पाल्याने म्हणे पूर्वी जाळी रंगवायचे. या सालीचा दोर विहिरीत टाकला तरी कुजायचा नाही. सर डबा घेऊन तिच्या टेबलाशी येऊन बसायला लागले. अठ्ठावीस वर्षांत ते सुईबाईच्या टेबलाशी कधी जेवले नव्हते.

"तुमच्या जाऊबाई हुशार आहेत हो," सर म्हणाले.

"आहे ना," सुईबाई म्हणाली, आणि घास तोंडातल्या तोंडात फिरला.

तिचा जळफळाट व्हायचा, आणि लपवता लपवता तो दुप्पट व्हायचा. घरी तीच, ऑफिसात तीच. सकाळी ओट्याशी खांद्याला खांदा लावून डबे भरायचे आणि दहा वाजता तिचं कौतुक ऐकायचं. बरं, भांडावं तर धाकटी भांडायची नाही. "शिकवा ना मला शिवायला," म्हणायची. सुईबाई म्हणायची, "शिकवीन की सवडीने." ती सवड काही आली नाही.

खरा भडका उडाला तो पडद्यावरून. शेजारच्या वस्तुसंग्रहालयात एका जुन्या नाट्यगृहाचा पडदा होता, शंभराहून जास्त वर्षांचा. त्याचा लाल काठ जागोजागी विटला होता. तिथल्या डागडुजी करणाऱ्या बाईंना तो लाल कशाचा हे कळेना. बाजारातला रंग लावला की शेजारी शेजारी दोन लाल वेगळे ओरडायचे. आणि धाकटीने एका वेलीच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीची ओळ वाचली: 'मूळ उकळून डोंगरावरच्या बाया सूत लाल करतात. पडदेवालेही नेतात.' तो डोंगर आता खाणीने निम्मा खाल्ला होता आणि ती वेल पंधरा वर्षांत कुणाला दिसली नव्हती. पण कागदावरच्या वेलीला मूळ होतं, पडद्याच्या धाग्याशी ताडून बघायला. शिवाय पाकिटात नऊ बिया होत्या. रुजल्या तर वेल परत मिळणार होती.

सर आनंदाने लहान पोरासारखे झाले. "गुरुवारी त्या बाई येतायत. कागद तुम्हीच काढून दाखवा," ते धाकटीला म्हणाले. मग सुईबाईकडे न बघता म्हणाले, "किल्ल्यांचंही त्याच दिवशी ठरवून टाकू."

तो कागद सुईबाईनेच शिवला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी. टाके तिचे, पाकीट तिचं, बिया मोजून आत घातल्या त्याही तिनेच. मागची ओळ तिने वाचली नव्हती. वीस हजार झाडं तिने शिवली आणि वाचलं एकही नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि कळवणारी कोण, तर धाकटी!

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत तिने तो कागद काढला. वेलींच्या कपाटातून नेऊन गवतांच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, डावीकडे, तळाला घालायचा बेत होता. चाळीस हजारांत एक कागद चुकीच्या जागी गेला की तो जाळल्यासारखाच, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. जाळायचा मात्र तिला नव्हता. गुरुवार टळला की सावकाश आपण शोधून काढायचा, आपल्याला किल्ल्या मिळायच्या, एवढंच.

आता बघा माणसाची खोड. कागद गवतात सारणार, तोच तिला दिसलं की देठावरची एक पट्टी सुटलीय. अशीच ठेवली तर पान मोडेल. तिने इकडे तिकडे पाहिलं, टेबलाशी गेली, नवी पट्टी कापली, डिंक लावला, नखाने दाबून बसवली, फुंकर घातली. मग कागद लपवला.

गुरुवारी संग्रहालयाच्या बाई आल्या. वेलींचं कपाट उघडलं. कागद नाही. धाकटीने वरचे कागद बघितले, खालचे बघितले, पुन्हा वरचे. तिचे कान लाल झाले. नोंदवहीत शेवटची सही तिचीच होती.

"असं कसं झालं?" सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पडला. ते जास्त वाईट होतं.

"नवीन आहे हो ती," सुईबाई मऊ आवाजात म्हणाली. "होतं असं."

काय सांगू, त्या क्षणी तिला गार वाटलं. अगदी पोटातून गार. पाहुण्या बाईंसाठी चहा आला, सर चष्मा पुसत बसले, दोघी संशोधक नुसत्याच कपाटं उघडत-मिटत राहिल्या. आणि धाकटी शोधायची थांबली. खोलीच्या मध्यभागी उभी राहून तिने एकदा सुईबाईकडे पाहिलं. मग ती सरळ गवतांच्या कपाटाकडे गेली, वाकली, खालचा कप्पा, डावी बाजू, तळाशी हात घातला आणि कागद बाहेर काढला.

सुईबाई मनाशी म्हणाली, आता सांगणार ही. सांगू दे.

धाकटीने कागद उजेडात धरला, देठाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं.

"माझीच चूक, सर," ती म्हणाली. "महिन्यापूर्वी गवतांचेही फोटो काढत होते. त्यात गेला असणार."

पाहुण्या बाईंनी मुळावर भिंग धरलं आणि त्या हसल्या. पडदा, मूळ, बिया यांचीच बोलणी सुरू झाली. चार बिया रोपवाटिकेकडे द्यायच्या ठरल्या. जाताना सरांनी पितळी कडी खिशातून काढली.

"वाचणारे पुष्कळ मिळतील," ते म्हणाले, "पण इथे डोळ्यांत तेल घालून राहणारं माणूस पाहिजे. सुईबाई, या तुमच्याकडे."

अठ्ठावीस किल्ल्या तिच्या तळहातावर आल्या. वाटल्या होत्या त्यापेक्षा जड होत्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर धाकटीने तिला संगणकाशी बोलावलं. पडद्यावर वेलीचा महिन्यापूर्वीचा फोटो होता. देठावरची पट्टी सुटलेली, टोक वर आलेलं. शेजारी टेबलावर खरा कागद. पट्टी पांढरीशुभ्र, घट्ट बसलेली.

"छान बसवलीत," धाकटी म्हणाली. "दुसऱ्या कुणाला इतकी सरळ जमत नाही."

सुईबाईला वाटलं, हिने ओरडावं, रडावं, सासूबाईंना जाऊन सांगावं. तसं केलं असतं तर हिच्यावर मनसोक्त जळता तरी आलं असतं. आता हिच्या चांगुलपणावरही जळायचं, आणि तो जळफळाट कुठल्या कप्प्यात लपवायचा?

"का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवशी तुम्ही स्टुलावर बसला होतात. मला आठवतंय ते." धाकटीने संगणक बंद केला. "ते आज फिटलं, जाऊबाई. पुढच्या वेळी सांगेन."

दोघींनी डबे पिशवीत टाकले. घर एकच, रस्ता एकच, बरोबरच निघायचं होतं. दाराशी सुईबाई थांबली.

"तुला कळलं कसं कुठे ते?"

"घरी चांगली कात्री तुम्ही कुठे लपवता?" धाकटी म्हणाली. "खालचं फडताळ, डावीकडे, तळाशी, कुणाला नको असलेल्या चिंध्यांखाली. चार वर्षं तिथूनच घेते मी आणि तिथेच ठेवते."