काळ्या बुडाचे टमाटे

“अक्का गेल्या,” पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी कडा गावाला लग्नाला गेलते. मी विचारलं, “कुठं गेल्या?” ... मनात आलं, गेल्या असतील लेकीकडं, माझी गाऱ्हाणी सांगायला. थोरल्या जावेबद्दल शेवटच्या दिवशीही माझ्या मनात आधी आला तो संशयच. महिना झाला, ते अजून जिवाला लागलंय.

बीडला आमचं एकच घर, खाली त्या, वर मी. वाटणी झाल्यापासून बोलणं कामापुरतं. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मी टमाटे लावले होते. फळ धरलं की बुडाला काळा, चामड्यासारखा चट्टा पडायचा. कीड दिसेना, पानं तर हिरवीगार. मग दुसरं काय? नजर! आणि कुणाची, हे कुणाला विचारायला नको होतं. अक्का एकेक फळ उलटं करून बघायच्या, तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या... मी दाराआडून पाळत ठेवायची. एका सकाळी झाडांच्या मुळाशी पांढरं कायतरी दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. गल्ली ऐकेल अशा आवाजात मी ओरडले, “करणी करायला माझंच घर घावलं का?”

“करणी न्हाई गं, चुना हाय, माझ्या पानाच्या चंचीतला,” अक्का म्हणाल्या. “फळाला चुना कमी पडतोय. आन् तू नळाच्या दिवशी बदाबदा पाणी वततीस, पुन्हा आठ दिस कोरडं. झाडानं काय करावं?”

“मलाच चुना लावता व्हय!” म्हणत मी ती माती उकरून फेकली आणि लिंबू-मिरची बांधली. तेव्हापासून अबोला. पुढचे टमाटे मात्र लालबुंद, बिनडागाचे निघाले. बघा, कसा गुण आला! शेजारणींना वाटून टाकले, अक्कांना एक दिला नाही. लिहिताना लाज वाटते.

त्यांचं तेरावं झालं आणि पंधरवड्यात फळांची बुडं पुन्हा काळी. लिंबू-मिरची तर जागच्या जागी! आता माझा संशय त्यांच्या सुनेवर गेला. तडक खाली उतरले.

“काय गं, सासूचं काम तू घेतलंस का?”

ती बिचारी ओशाळली. “न्हाई हो काकू, सुतकात राहूनच गेलं. आत्याबाई रोज दुपारी माठातलं तांब्या-तांब्या पाणी घालून यायच्या. मला वाटलं, तुमीच सांगितलं असंल... वहाणा खालीच काढून जायच्या. काकू झोपल्यात, वाजायला नको म्हणायच्या.”

मी तिथंच जिन्यावर बसले. अक्का, चुकलं हो माझं.

आता दुपारी डोळा लागत नाही. तांब्या भरते, वर जाते. उन्हानं गच्ची अशी तापते की पाय टेकवत नाही. तिथं त्या अनवाणी यायच्या, मला जाग येऊ नये म्हणून. जाग आली असती तर मी काय बोलले असते, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.