मीनलताईंनी न जिंकलेला कप

सामना आमच्या बाजूला झुकला की मीनलताई आमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूला बाहेरून ओरडून सांगायच्या, "काट्रिन, आता डाव्या हातानं!" मग काट्रिनचे चेंडू रिंगला आपटून परत यायचे, समोरच्या मुली भराभर गुण वाढवायच्या आणि आम्ही बाकावर नखं खात बसायचो. ताई हाताची घडी घालून शांत उभ्या. म्हणायच्या, "आत्ता नाही शिकणार तर केव्हा शिकणार?"

मी जर्मनीत आखनला इंजिनिअरिंगचं मास्टर्स करायला आले होते. विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची कोच मराठी आहे हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी मी हॉलवर हजर झाले. ताई मूळच्या नागपूरच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. जर्मन छान बोलायच्या, पण चिडल्या की तोंडातून नागपूर बाहेर पडायचं. "काय करून राहिली तू?" हे वाक्य संघातल्या प्रत्येक जर्मन मुलीला पाठ होतं. मी त्यांना ताई म्हणायचे. बाकीच्यांना ते त्यांचं नावच वाटलं, आणि त्या सगळ्यांच्याच ताई झाल्या.

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच विद्यापीठांच्या स्पर्धेच्या फायनलला पोचलो. नेमकं त्याच शनिवारी एका व्यावसायिक क्लबनं काट्रिनला चाचणीसाठी बोलावलं. ती गुपचूप नकार कळवणार होती. ताईंना सुगावा लागला. सराव संपल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवलं.

"शनिवारी काट्रिन आपल्याबरोबर नसेल."

आमची कॅप्टन लेना ताडकन उठली. "ताई, माझं हे शेवटचं वर्ष आहे. तिच्याशिवाय आपण हरू."

"गेनाऊ, अगदी बरोबर. बहुतेक हरूच."

"मग आम्ही इतका घाम कशासाठी गाळला?"

ताई म्हणाल्या, "तुझा राग बरोबर आहे. तो माझ्यावर काढ, तिच्यावर नको. पण तिला पुन्हा कुणी बोलावेल याची खात्री मला देता येत नाही. तिला अडवून कप मिळवला, तर तो मला हातात धरवणार नाही."

काट्रिन गेली आणि आम्ही हरलो. लेना बक्षीस समारंभालाही थांबली नाही.

पुढच्या सत्रात ताईंचा करार वाढवला गेला नाही. इतक्या वर्षांत एकही विजेतेपद नाही, असं कारण विद्यापीठानं दिलं. मी तावातावानं बोलायला लागले तर त्याच म्हणाल्या, "अगं, खोटं काय बोलले ते?" नवे कोच आले आणि वर्षभरात कप आला. मीही तो डोक्यावर घेऊन मनसोक्त नाचले. जिंकण्याची मजा काही औरच असते, हे कबूल करायला हवं. ताईंना फोन केला तर त्या माझ्याहून जोरात ओरडल्या.

काट्रिन व्यावसायिक संघात खेळू लागली. पण दुसऱ्याच मोसमात तिचा उजवा गुडघा दुखावला आणि खेळ सुटला. "मग ताईंनी मिळवलं काय?" लेनानं मला विचारलं. "ना कप, ना खेळाडू."

गेल्या वर्षी ताईंच्या यजमानांना दूर दक्षिणेला, झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली. सामान हलवायला आम्ही जुन्या मुली जमलो. लेनाही आली. काट्रिन खोकं घेऊन जिना उतरत होती. ताई खालून बघत होत्या.

"उजवा पाय अजून जपतेस. ठेव ते खोकं. आता एक पायरी उतर, सावकाश. गुडघा आत वळू देऊ नको."

"ताई, मला आता कुठं खेळायचंय?"

"खेळू नको. जन्मभर जिने तर उतरायचेत ना?"

काट्रिन हसली, वर गेली आणि पुन्हा उतरली. मग पुन्हा. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मागे अडकलेल्या लेनानं हातातलं खोकं खाली ठेवलं, पायरीवर बसून तिनं काट्रिनच्या गुडघ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, आत्ता सरळ आला."