वैरणीच्या तुकड्यात विलायत

कोल्हापुरात टीव्ही दिसू लागून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी तेव्हा शाहूपुरीतल्या एका सांजदैनिकात उपसंपादक होतो, आणि विलायतेच्या टीव्हीवरचं काय बघावं हे कोल्हापूरकरांना रोज सांगणं हा माझ्या कामाचा भाग होता. आज हे सांगितलं तर ऐकणारा आधी हसतो.

त्याचं असं झालं. संध्याकाळच्या बातम्यांआधीचा अर्धा तास टीव्ही केंद्रानं काही महिने इंग्लंडहून आणलेल्या कार्यक्रमांना दिला होता. तिकडं दाखवून झालेले कार्यक्रम इकडं लागायचे. भाषा इंग्रजी, आणि तीही अशी भराभर की कॉलेजात शिकवणाऱ्यांनाही निम्मी समजायची. लोक तेवढा वेळ टीव्ही बंद करून भाकरी खाऊन घेत. आमच्या संपादकांचं म्हणणं पडलं की लोकांना बघायचं असतं, पण काय बघतोय ते आधी कोणीतरी सांगायला पाहिजे. कचेरीत इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच, म्हणून 'आजची विलायत' हे सदर माझ्याकडं आलं. पहिल्या पानाच्या तळाला, बोटभर जागा.

केंद्राकडून आठवड्याचा कागद यायचा. त्यावर कार्यक्रमाचं नाव आणि खाली दोन ओळी, एवढंच. कार्यक्रम मी पाहिलेला नसायचा, कोणीच पाहिलेला नसायचा. त्या दोन ओळींवरून मी शिफारस करायचो, आणि संध्याकाळी सगळ्यांबरोबर बसून आपण काय सांगून बसलो ते बघायचो. भांडखोर कुटुंबाची एक विनोदी मालिका होती. तिच्याविषयी मी लिहिलं की भाषा कळली नाही तरी भांडण कळतं, जरूर बघा. खुनाची गोष्ट असली की लिहायचो, शेवटची दहा मिनिटं लाइट गेली नाही तर खुनी कळेल. एकदा स्वयंपाकाचा कार्यक्रम होता. मी मोठ्या विश्वासानं त्याची शिफारस केली आणि त्यातल्या बाईंनी बोकडाची अख्खी मांडी मीठ-मिरी लावून भट्टीत घातली आणि तशीच पानात वाढली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं मला थांबवून, त्या बिचाऱ्यांना कोणी चटणी पाठवत नाही का, असं विचारलं.

मला हे काम आवडायचं. गावातल्या शाळेत सातवीपर्यंत, मग इथल्या वसतिगृहात राहून हायस्कूल आणि कॉलेज, असा मी शिकलेला. ज्या भाषेनं मला मॅट्रिकला घाम फोडला होता, तिच्यातलं चार लोकांना समजावून सांगायला मिळतंय, याचं मला रोज नवल वाटायचं.

पंचगंगेच्या अंगाला, म्हशींचा धंदा असलेल्या एका घरात मी भाड्यानं राहत होतो. मालकांना मी मामा म्हणायचो, त्यांच्या बायकोला मामी. टीव्ही त्यांचाच. संध्याकाळच्या धारा उरकल्या की सोप्यात बैठक पडायची. शेजारचे शिंपीकाम करणारे चाचा मशीन बंद करून यायचे. त्यांची जागा खांबाला टेकून ठरलेली, आणि माझ्या शिफारशी रोज तपासून घेणं हे त्यांनी आपलं काम मानलं होतं. कार्यक्रम फसला की ते बातम्या लागेपर्यंत थांबायचे. मग म्हणायचे, "मास्तर, आज पेपर उलटा छापला व्हता काय?"

सगळ्या शहराला मी सांगत होतो, पण माझ्या वडिलांना माझं काम काय आहे ते सांगता येत नव्हतं. आमचं मूळ घर नेसरीच्या बाजूला, धंदा मेंढरांचा. दिवाळी झाली की आबा आणि आई मेंढरं घेऊन बाहेर पडत ते पावसाच्या तोंडाला परत येत. आबांना वाचता येत नव्हतं. टीव्ही त्यांनी पाहिला नव्हता, आणि संध्याकाळी छपराखाली बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पोरगा काय करतो असं कोणी विचारलं की ते "पेपरात हाय" म्हणायचे. त्यापुढं कोणी विचारलं तर काय सांगावं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते मलाही विचारत नसत. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी पोराच्या मदतीशिवाय मेंढरांमागं चालणं पत्करलं होतं. बदल्यात मी काय झालो, हे त्यांना एकदा तरी डोळ्यांनी दिसावं असं मला फार वाटायचं.

अशात केंद्राचा एक कागद आला. बुधवारच्या रकान्यात होतं: इंग्लंडच्या डोंगरात मेंढपाळांच्या स्पर्धा, मेंढरं वळवणारी कुत्री. मी ती ओळ पुन्हा वाचली आणि संपादकांना सांगून दुपारीच सायकल काढली. आबांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, त्या आठवड्यात जोतिबाच्या पायथ्याच्या शेतांत उतरला होता.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. विलायतेत मेंढरं असतात हे त्यांना पटलं, घोंगडी तिकडंही लागत असणार म्हणाले. पण यायला नाही म्हणाले, आणि त्यांचं कारण मला माहीत असायला हवं होतं. आमच्याकडं कोकरं दिवसभर वाड्यावर ठेवतात. दिवस मावळताना मेंढरं चरून परत आली की एकेक कोकरू त्याच्या आईला लावून पाजायचं असतं. तेव्हा सगळा कळप ओरडत असतो, आणि कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं हे धन्यालाच ठाऊक असतं. एक जरी चुकलं तरी मेंढी त्याला ढुशी देऊन ढकलते आणि ते रात्रभर उपाशी राहतं.

"तुजा कार्यक्रम सांजचा," आबा म्हणाले. "माजाबी सांजचाच हाय. न्हाय जमायचं."

परत आलो ते तोंड पाडूनच. मामींनी विचारलं म्हणून सांगितलं. मामा म्हशीला पाणी दाखवत होते, त्यांनी तिथूनच ऐकलं. त्यांच्या घरामागं, नदीच्या बाजूला, वैरणीचा एक तुकडा होता आणि तो नुकताच कापून मोकळा झाला होता. मेंढरं शेतात रात्रभर बसवली की जमिनीला खत होतं, आणि त्यासाठी शेतकरी धनगराला धान्य देतो, ही आमच्याकडची जुनी रीत. मामा म्हणाले, "आणा की हितं मेंढरं. माज्या रानाला खत हुईल, न् पावण्यास्नी टीव्ही. दाणं न्हाईत देत, चित्रं देतो म्हनावं."

हा निरोप घेऊन मी पुन्हा गेलो. आबा हसले. आईनं मात्र लगेच, तुकड्यात पाणी आहे का, एवढंच विचारलं, तेव्हा मला कळलं की ती येणार आणि त्यांनाही आणणार.

बुधवारच्या सदरात मी काय लिहिलं ते मला अजून आठवतं. लिहिलं की आजचा कार्यक्रम ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी अवश्य पाहावा, इंग्रजीची गरज नाही. छापून आलं आणि मग मी केंद्राचा कागद पुन्हा काढून वाचला. कागदावरचा कार्यक्रम ऐन वेळी बदलणं हे केंद्राचं नेहमीचंच होतं. पानवाल्याला मी तोंड देऊ शकलो असतो. पण आबा एक वाडा मोडून, चरायची वाट बदलून येत होते. कुत्र्यांऐवजी एखाद्या मंत्र्याचं भाषण लागलं असतं, तर माझं काम काय हे त्यांना कायमचंच कळलं असतं.

दिवस कलताना कळप पूल ओलांडून आला. पुढं आबा, मागं आई, मध्ये गाढवावर जाळी आणि जाळीत लहान कोकरं. गल्लीतली सगळी माणसं उंबऱ्यात. मामांनी तोवर टीव्ही उचलून मागच्या दारात आणला होता. अँटेनाची वायर तेवढीच पोचत होती, म्हणून तो नेमका उंबऱ्यावर स्टुलावर बसला, तोंड तुकड्याकडं करून. आज बैठक उलटी होती. चाचांना खांब नव्हता, त्यामुळं ते जरा नाराज दिसले.

आबांनी टीव्हीकडं पाहिलंसुद्धा नाही. दोघं पाजायच्या कामाला लागले. कार्यक्रमाची वेळ झाली आणि पडद्यावर होता एक सत्कार समारंभ. हार घातले जात होते, माणसं बोलत होती, एक बोलून झाला की दुसरा उठत होता. मी घड्याळ बघत होतो आणि समोर आबा एकेक कोकरू उचलून, त्याचा कान, त्याचं कपाळ बघून, ज्या त्या मेंढीखाली सोडत होते. आई जाळीतून कोकरं देत होती. चाचांनी माझ्याकडं पाहिलं, पण उलट्या पेपराचं नाव काढलं नाही, यासाठी मी त्यांचा अजून ऋणी आहे.

सत्कार संपेना आणि कोकरं संपत आली. शेवटचं कोकरू लागलं, ओरडा हळूहळू थांबला. आबांनी हात घोंगड्याला पुसले, आणि तेवढ्यात पडद्यावर हिरवा, म्हणजे आमच्या टीव्हीवर करडा, डोंगर आला. त्याच्यावर मेंढरं. सत्कार वेळेत संपला असता तर आबांचा निम्मा कार्यक्रम चुकला असता.

आबा उकिडवे बसले, काठी आडवी गुडघ्यांवर. पडद्यावर टोपीवाला एक माणूस जागचा न हलता शिट्टी घालत होता आणि लांब उतारावर त्याचं कुत्रं पोटावर सरकत मेंढरांना वळवत होतं. आमची कुत्री लांडग्यासाठी असतात. मेंढरं वळवणं हे माणसाचं काम. आबा त्या कुत्र्याकडं बघत राहिले. मग शेजारी कोण बसलंय ते न बघता म्हणाले, "आपलं कुत्रं मेंढराकडं पाठ करून बसतंय. ह्येचं तोंड मेंढराकडं हाय."

चाचांनी विचारलं, "मग चांगलं कुठलं?"

"लांडगा कुटनं येतोय त्येच्यावर हाय."

मामांना वेगळीच शंका होती. मेंढरं पाचच कशी? एवढ्यावर त्या माणसाचं भागतं कसं? मी सांगितलं की ही स्पर्धा आहे, पाच मेंढरं दारातून कुडात, म्हणजे त्या कुंपणात, घालायची, आधी घालेल तो जिंकला. चाचा म्हणाले, "पाचावर बक्षीस? मग आबांना धाडा की. चांदीचं ताट घिऊन येतील."

पाचांतली चार कुडाच्या दाराशी आली. पाचवी थबकली, फिरली, आणि पळायच्या बेतात उभी राहिली. टोपीवाल्याची शिट्टी लांबली. कुत्रं जमिनीला चिकटलं. आणि आबांनी, जन्मभराच्या सवयीनं, जीभ टाळूला लावून मेंढरं बोलवायची ती हाळी घातली.

मागं तुकड्यात वाघर अजून लावायची होती. वाघर म्हणजे कळपाभोवतीचं जाळं. कार्यक्रम बघून मग लावू असं ठरलं होतं. नुकता निवांत बसलेला सगळा कळप एकदम उठला आणि धन्याच्या हाकेला आला. बसलेल्या माणसांमधून, चपलांवरून, चाचांच्या मांडीवरून मेंढरं थेट उंबऱ्यापर्यंत. मामींनी स्टूल धरलं म्हणून टीव्ही वाचला. कोणी भिंतीला चिकटलं, कोणी पायरीवर चढलं. आई काठी घेऊन मध्ये शिरली आणि आबांना म्हणाली, "डोचकं फिरलं काय तुमचं? ती विलायतेतली हाय. तिला तुमचं काय कळतंय?"

पण गडबडीत पडदा ज्यांना दिसत होता त्यांनी पाहिलं होतं. पाचवी मेंढी वळली होती आणि कुडात गेली होती. चाचांनी मांडीवरचं कोकरू खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "गेली बगा. आबांचंच ऐकलं तिनं."

आबा इतके हसले की त्यांना खोकला लागला. मी त्यांना असं हसताना गावाच्या जत्रेतही पाहिलं नव्हतं.

कळप परत तुकड्यात नेला, वाघर लावली, मामींनी सगळ्यांना दूध दिलं. आबांनी मला जवळ बोलावलं. हे आज लागणार ते तुला आधी कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. मी केंद्राचा कागद सांगितला, दोन ओळी सांगितल्या, त्यावरून मी अंदाज बांधून लिहितो आणि लोक त्यावर विसंबून बसतात, हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. कुठल्या रानात चारा असेल हे दुसऱ्यानं सांगितलेल्या दोन शब्दांवरून ठरवून वाड्यासकट निघणारा माणूस तो, त्याला हे काम समजायला वेळ लागला नाही. म्हणाले, "म्हंजे लोकं तुज्या बोलण्यावर वाट धरत्यात." मी हो म्हणालो. मग त्यांनी उद्या काय आहे ते विचारलं.

उद्या विलायतेतल्या बागा होत्या. मेंढरं निम्म्याच तुकड्यात बसलीत, एक रात आणखी राहू, असं त्यांनी मामांना सांगितलं, आणि आईनं माझ्याकडं बघून डोळे मिचकावले.

गुरुवारच्या सदरात मी बागांविषयी चांगलंच लिहिलं. फुलं आहेत, मन प्रसन्न होईल, सहकुटुंब बघावं. त्या दिवशी वाघर आधीच लागली होती. कोकरं पाजून दोघं वेळेवर येऊन बसले. एका म्हातारीनं गुलाबाला खत कसं घालायचं ते अर्धा तास सांगितलं. खत पाहून मामांना बरं वाटलं, बाकी कोणाला नाही. बातम्या लागल्यावर आबा उठले, घोंगडं झटकलं आणि मला म्हणाले, "ह्ये बगू नका म्हणून लिवायचं व्हतंस की."

"आधी बघायला मिळत नाही आबा," मी म्हणालो.

"मग तसं लिवायचं. आमाला ठाव न्हाय, तुमी बगून सांगा. लोकं काय खुळी हाईत व्हय?"

शुक्रवारी सकाळी कळप निघाला तेव्हा मी कचेरीत होतो. संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या ओळी मला धड कळत नव्हत्या, कसल्याशा जुन्या कालव्यांविषयी काहीतरी होतं. मी लिहिलं: हा कार्यक्रम कसा आहे हे आम्हांस ठाऊक नाही, पाहून आम्हांला कळवावे. संपादकांनी पेन्सिल उचलली, दोनदा वाचलं, आणि तसंच जाऊ दिलं.