बोथट सुळे

तसा त्याचा धंदा म्हाताऱ्यांच्या कवळ्यांचा. पण एकदा सिनेमावाल्यांनी व्हॅम्पायरचे सुळे करून घेतले आणि गल्लीत त्याचं नावच पडलं, सुळेवाला. ते सिनेमे म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, तरी थिएटर भरलेलं! बायको तर एकही सोडायची नाही.

"भुताला लोक भितात आणि ह्या मेल्यावर जीव टाकतात. हे काय खूळ?" तो चिडवायचा.

"अहो, भूत सूड घ्यायला येतं. ह्याला आपलं माणूस कायमचं हवं असतं. आणि किती सभ्य! बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तुमच्या भावासारखा नाही."

मग ती आजारी पडली. आजारही मेला रक्ताचाच. पांढरीफटक झाली, डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हा म्हणाली, "मला एक जोडी करून द्या."

"वेड लागलंय का तुला?" म्हणाला, पण केली. तिच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा घेतला, रंग जुळवला आणि शेवटी टोकं कानशीने घासून बोथट केली. नटीच्या गळ्याला इजा नको म्हणून प्रत्येक जोडीची करायचा, तशीच. हाताची सवय.

सुळे घालून ती आरशात बघत कितीतरी दिवसांनी हसली. "मी आले तर आत बोलवाल ना?"

"ही काय विचारायची गोष्ट झाली?"

ती गेली. सुळे त्याने तिच्या तोंडातच राहू दिले. नातेवाईक काय बोलायचं ते बोलले.

घर खायला उठलं. एका संध्याकाळी दार वाजलं. उघडलं तर कोणी नाही, जिन्यात नुसता गारठा. त्याला भीती वाटली, पण त्याहून जास्त तिची आठवण आली. तो म्हणाला, "ये गं आत."

सकाळी दाढी करताना मानेवर दोन डाग दिसले. वाटोळे, काळेनिळे. दाबले तर दुखले. कातडी मात्र कुठेच फाटली नव्हती.

"अरे कर्मा!" तो बेसिन धरून रडला. बिचारी किती धडपडली असेल!

मग डोळे पुसून त्याने फळीवरचा तिचा साचा काढला आणि दिवसभर खपून नवी जोडी केली. कानस ड्रॉवरमध्येच राहिली. संध्याकाळी सुळे तिच्या उशीवर ठेवले, सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि दार सताड उघडलं.

"ये गं. ह्या वेळी नाही चुकलो मी."